कुऱ्हाडे सापडेनात: दूध संकलनाचे एक अ‍ॅप, चार दोष आणि मुक्तस्रोत डीबगिंग साधनांची पारख

पश्चिम महाराष्ट्रातील एका दूध संघाच्या गावोगावच्या संकलन केंद्रांसाठी आमच्या पुण्यातील पाच जणांच्या गटाने २०२० साली एक मोबाइल अ‍ॅप तयार केले. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घेऊन येतात, काट्यावर वजन होते, फॅट मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मिळतात, दरपत्रकावरून दर लागतो, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी बिल होते. हे सगळे अ‍ॅपने इंटरनेट नसतानाही करायचे आणि रेंज आली की संघाच्या सर्व्हरला कळवायचे, एवढीच मागणी होती. केंद्रावरचा फोन बहुधा बाजारातला स्वस्तातला अँड्रॉइड असतो, त्याच्या काचेवर दुधाचे ओघळ असतात, आणि तो हाताळणाऱ्या सचिवापुढे पहाटे साडेपाचलाच रांग लागलेली असते. संघाच्या अध्यक्षांकडे मात्र आयफोन आहे, त्यामुळे अ‍ॅप दोन्हीकडे चालले पाहिजे हे पहिल्याच बैठकीत ठरले. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ही एकाच कोडातून दोन्हीकडे चालणारे अ‍ॅप बनवण्याची चौकट निवडण्यामागे याहून मोठे तात्त्विक कारण नव्हते.

२०२४ च्या अखेरीस आम्ही अ‍ॅप रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या ०.७६ आवृत्तीवर नेले आणि प्ले स्टोअरच्या नियमाप्रमाणे लक्ष्य एपीआय पातळी ३४, म्हणजे अँड्रॉइड १४ ची, केली. पुढच्या महिन्याभरात चार तक्रारी आल्या. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बोऱ्हाडे अशा आडनावांचे काही सभासद नावाने शोधले तर सापडत नव्हते. सभासदांची यादी सरकवताना अडकत होती, पण फक्त काटा जोडलेला असताना. काही केंद्रांवर काट्याची केबल लावताच अ‍ॅप बंद पडत होते. आणि काही दिवशी एकाच उत्पादकाचे एकाच वेळचे दूध सर्व्हरवर दोनदा जमा होत होते. पहिल्या तीन तक्रारींवर सचिव वैतागले होते, चौथीवर हिशेबनीस.

गटातील धाकट्या सहकाऱ्याचे म्हणणे होते की सगळे अ‍ॅप फ्लटर या गूगलच्या तशाच चौकटीत नव्याने लिहावे, कारण तिथे दोष शोधण्याची साधने चांगली आहेत. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते आणि तसेच मान्य करण्याजोगेही नव्हते. म्हणून आम्ही तीन आठवडे बाजूला काढले, अ‍ॅपमधील वजन घेण्याचा आणि सभासद-यादीचा असे दोनच पडदे फ्लटरमध्ये उभे केले, त्यांत तेच दोष जाणूनबुजून पेरले, आणि दोन्हीकडे कोणते साधन आपल्याला कारणापर्यंत नेते ते पाहिले. सुविधांचे तक्ते बाजूला ठेवून खऱ्या दोषांवर केलेली ही तुलना आहे, आणि तिला ज्या मर्यादा आहेत त्या या चार दोषांच्याच मर्यादा आहेत.

हाताशी काय होते

रिअ‍ॅक्ट नेटिव्ह २०१५ मध्ये फेसबुकने खुले केले आणि ते एमआयटी परवान्यावर आहे. त्याच्या डीबगिंगचा, म्हणजे दोष शोधून काढण्याच्या सोयीचा, इतिहास मात्र घर बदलत राहणाऱ्या भाडेकरूसारखा आहे. सुरुवातीच्या पद्धतीत डीबगिंग चालू केले की जावास्क्रिप्ट फोनवर न चालता लॅपटॉपवरील क्रोममध्ये चालत असे. म्हणजे आपण तपासतो ते एका इंजिनावर आणि सचिवाच्या हातात चालते ते दुसऱ्याच. आम्हाला याचा फटका पहिल्याच वर्षी बसला होता. बिलाची रक्कम लाखाच्या स्वल्पविरामांसह, १,२५,००० अशी, डीबगिंगमध्ये नीट दिसायची आणि केबल काढून अ‍ॅप उघडले की १२५००० असे सलग आकडे यायचे, कारण त्या वेळी अँड्रॉइडवर सोबत येणाऱ्या इंजिनात स्थानिक आकडेमांडणीची सोय नव्हती आणि क्रोममध्ये ती होती. दोष दिसेनासा करणारे साधन साधन नसल्याहून वाईट, हे तेव्हा पटले.

मार्च २०२० मधील ०.६२ आवृत्तीपासून फ्लिपर हे फेसबुकचेच मुक्तस्रोत साधन नव्या प्रकल्पात आपोआप येऊ लागले. त्यात नेटवर्क, लॉग, मांडणी, डेटाबेस असे सगळे एका खिडकीत दिसे आणि स्वतःचे प्लगइनही लिहिता येत. आम्ही दोन लिहिली: एक काट्याकडून येणारा कच्चा मजकूर दाखवणारे, दुसरे सर्व्हरला जायच्या बाकी नोंदींची रांग दाखवणारे. डिसेंबर २०२३ मधील ०.७३ आवृत्तीत फ्लिपर निवृत्तीच्या यादीत गेले, एप्रिल २०२४ मधील ०.७४ मध्ये नव्या प्रकल्पांतून काढले गेले, आणि आमची दोन्ही प्लगइने त्याबरोबर गेली. परवान्याने मूळ कोड आपल्या हाती राहतो हे खरे, पण तो जिवंत ठेवायला माणसे लागतात आणि पाच जणांच्या गटाकडे ती नसतात. ०.७६ मध्ये, ऑक्टोबर २०२४ मध्ये, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह डेव्हटूल्स आले. ते क्रोमच्या तपास-खिडकीवरच बेतलेले असले तरी कोड आता फोनवरच, हर्मिस या जावास्क्रिप्ट इंजिनात चालतो आणि खिडकी त्याला बाहेरून जोडली जाते, त्यामुळे जुना दुहेरी इंजिनाचा घोळ संपला. मात्र आम्ही वापरलेल्या आवृत्तीत नेटवर्कचे दालनच नव्हते.

फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ ची. भाषा डार्ट, परवाना बीएसडी, आणि डेव्हटूल्स एसडीकेबरोबरच येतात. हे साधन डार्टच्या आभासी यंत्राशी थेट बोलते आणि त्यात विजेटचे झाड, फ्रेमचा आलेख, स्मृती, नेटवर्क, प्रोसेसरचा वापर असे सगळे एकाच घराण्याचे वाटते. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. फ्लटर पडद्यावरचे सगळे स्वतः रंगवते, त्यामुळे अँड्रॉइड स्टुडिओच्या मांडणी-तपासनीसाला त्यात एकच मोठा चौकोन दिसतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये खरेखुरे अँड्रॉइडचे घटक असल्याने तोच तपासनीस तिथे उपयोगी पडतो. म्हणजे फ्लटरमध्ये तुम्ही फ्लटरच्याच साधनांवर विसंबता. ती चांगली आहेत, पण दुसरा साक्षीदार नाही.

बाकीच्या पर्यायांवर आम्ही वेळ घालवला नाही. मायक्रोसॉफ्टच्या झामारिनचा आधार १ मे २०२४ रोजी संपला होता. अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेवर आधारलेले कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ मध्ये पक्के झाले होते, पण आयफोनवर त्याच कोडने पडदे रंगवण्याची सोय त्या वेळी पक्की नव्हती, ती पुढे मे २०२५ मध्ये झाली. फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या दोघांच्या खाली, कोणत्याही चौकटीचे नसलेले असे जे थर आहेत, म्हणजे एडीबी (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणारे), लॉगकॅट (फोनच्या नोंदी दाखवणारे), परफेटो (वेळेचा माग घेणारे), एलएलडीबी (मूळ कोडचा डीबगर) आणि मिटम-प्रॉक्सी (फोन आणि सर्व्हर यांच्यामधली वाहतूक पाहणारे व अडवणारे), ते दोन्ही बाजूंना सारखेच उपलब्ध होते, आणि आम्हाला सर्वाधिक उपयोग त्यांचाच होणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

परवान्यांबाबत एक अवांतर. संघाच्या संगणक विभागाने ‘फुकट आहे ना?’ एवढेच विचारले होते, पण फुकट आणि मुक्तस्रोत यांत फरक आहे. कोड लिहिण्यासाठीच्या व्हीएस कोडचा मूळ कोड एमआयटी परवान्यावर असला तरी मायक्रोसॉफ्ट जी तयार फाइल देते तिचा परवाना वेगळा आहे. क्रॅशच्या नोंदी गोळा करणाऱ्या सेंट्रीच्या सर्व्हरचा परवाना २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बदलला आणि आता तो रूढ अर्थाने मुक्तस्रोत राहिलेला नाही, जरी अ‍ॅपमध्ये घालायचा त्याचा भाग मोकळा आहे. आयफोनसाठी लागणाऱ्या अ‍ॅपलच्या एक्सकोडचा मूळ कोड तर खुलाच नाही. शुद्ध मुक्तस्रोताचा हट्ट धरला तर आयफोनसाठी काम करताच येणार नाही.

न सापडणारे कुऱ्हाडे

हा दोष सर्वांत किरकोळ वाटला म्हणून तो आधी घेतला, आणि त्यातच चार दिवस गेले. सचिवाने सभासद क्रमांक टाकला तर सभासद मिळे. उत्पादक क्रमांक विसरला आणि नावाने शोधायची वेळ आली की ‘कुऱ्हाडे’ टाइप करूनही यादी रिकामी येई. यादीत हाताने खाली सरकत गेले तर कुऱ्हाडे तिथे असतच.

डेव्हटूल्समध्ये तुलनेच्या ओळीवर थांबा लावला, म्हणजे कोड तिथे येऊन थांबेल असे केले. डावीकडे टाइप केलेले कुऱ्हाडे, उजवीकडे डेटाबेसमधले कुऱ्हाडे, दोन्ही अगदी सारखे, आणि तुलनेचे उत्तर ‘असत्य’. फ्लटरमध्ये तीच नोंद घेऊन पाहिले, तिथेही तेच. दोन्ही साधने मजकूर फाँटमधून दाखवतात, आणि फाँटचे कामच मुळी भेद लपवून अक्षर देखणे करण्याचे असते. शेवटी फोनवरील डेटाबेसची फाइल एडीबीने काढून घेतली, एसक्यूलाइटमध्ये नावाचे बाइट मोजले आणि उलगडा झाला: नव्याने टाइप केलेले नाव २४ बाइटचे, डेटाबेसमधले २७ बाइटचे.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणजे एका नावात आठ चिन्हे होती आणि दुसऱ्यात नऊ. घोळ मराठीच्या लाडक्या, कंसासारख्या दिसणाऱ्या अर्ध्या र मध्ये होता. फोनचा कीबोर्ड हा अर्धा र लिहिताना ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलन्त ठेवतो. संघाच्या जुन्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधील नावे फाँटवरून युनिकोडमध्ये आणताना रूपांतरकाने मात्र साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक ठेवला होता. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत, पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, आणि संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. पुढे शोधताना तिसराही प्रकार निघाला: साधा र, नुक्ता आणि हलन्त. तोही नऊच चिन्हांचा, पण वेगळ्या नऊ चिन्हांचा.

इथे भाषांचा फरक जाणवला. जावास्क्रिप्टमध्ये युनिकोडचे प्रमाणीकरण भाषेतच आहे, आणि ते नुक्त्याचा प्रकार ‘ऱ’ मध्ये मिळवून देते. डार्टच्या मूळ ग्रंथालयात ही सोय नाही, बाहेरचे पॅकेज घ्यावे लागते. जोडकाचा प्रकार मात्र प्रमाणीकरणाने जात नाही, कारण ती दोन रूपे युनिकोडने समान मानलेली नाहीत. तो नियम आम्हाला हाताने लिहावा लागला. सहकाऱ्याने पहिला उपाय म्हणून सगळे जोडक सरसकट काढून टाकले. परिणाम असा झाला की कुऱ्हाडे ‘कुर्हाडे’ झाले, र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसला. मराठी वाचणाऱ्याला ते लगेच खटकले असते. चाचणीला खटकले नाही, कारण चाचणीतही तेच लिहिले होते. शेवटी मूळ नाव जसेच्या तसे ठेवून शोधासाठी वेगळा स्तंभ केला आणि त्यात र, हलन्त, जोडक या क्रमाऐवजी ‘ऱ’ आणि हलन्त घातले.

या दोषापुरते सांगायचे तर दोन्ही डेव्हटूल्स निरुपयोगी ठरली. मजकुरातील चिन्हांचे क्रमांक दाखवणारे एक साधे बटण दोहोंपैकी कुणाकडेही नव्हते. आम्ही दहा ओळींचे एक फलन लिहून ठेवले, जे कोणताही शब्द घेऊन त्यातल्या चिन्हांचे क्रमांक छापते, आणि आज आमच्याकडे तेच सर्वांत जास्त वापरले जाते.

काटा जोडला की अडकणारी यादी

काटा जोडलेला असतानाच यादी का अडकावी, या प्रश्नात उत्तर दडलेले होते, पण ते दिसायला साधन लागले. काटा सेकंदाला अनेकदा वजन पाठवत राहतो. आम्ही ते चालू वजन सगळ्या पडद्याच्या अवस्थेत ठेवले होते, म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर संपूर्ण यादी पुन्हा रचली जात होती. रिअ‍ॅक्टच्या प्रोफायलरमध्ये ‘पुन्हा रचलेले घटक उजळून दाखवा’ हा पर्याय लावला तेव्हा सगळी यादी दिवाळीच्या माळेसारखी लुकलुकू लागली, आणि कारण पाच मिनिटांत कळले.

कारण कळणे आणि त्याचे माप कळणे या मात्र वेगळ्या गोष्टी. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि आम्हाला जाणून घ्यायचे होते की दुरुस्तीनंतर स्वस्त फोनवर आपण त्यात बसतो का. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह डेव्हटूल्स विकसन-बिल्डलाच, म्हणजे तपासासाठी बांधलेल्या (डीबग) अ‍ॅपलाच, जोडले जातात आणि त्या बिल्डमध्ये जावास्क्रिप्टच्या पाठीवर तपासण्यांचे इतके ओझे असते की तिथल्या वेळांवर विश्वास ठेवता येत नाही. फ्लटरमध्ये याचे नेमके उत्तर आहे. तिथे प्रोफाइल नावाचा तिसरा बिल्ड मिळतो: कोड रिलीजसारखा, म्हणजे वापरकर्त्याला मिळणाऱ्या अ‍ॅपसारखाच, आधी संकलित केलेला, पण मोजमापाच्या खिडक्या उघड्या ठेवलेल्या. तो एम्युलेटरवर चालत नाही, खरा फोनच लागतो, आणि हे बंधन योग्य आहे. फ्रेमच्या आलेखात पडदा रचण्याचा धागा आणि रंगवण्याचा धागा वेगवेगळे दिसतात. आमच्या नमुन्यात रचण्याचा खांब उंच आणि रंगवण्याचा ठेंगणा दिसला. म्हणजे चित्रे-सावल्या कमी करून काही होणार नव्हते, पुनर्रचनाच थांबवायला हवी होती. या एका बाबतीत फ्लटर निर्विवाद पुढे होते आणि धाकट्या सहकाऱ्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होते.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या रिलीज बिल्डसाठी आम्ही परफेटोकडे गेलो. हे गूगलचे मुक्तस्रोत साधन सगळ्या फोनचा माग घेते: कोणता धागा कधी चालला, प्रोसेसर कुठे अडकला, फ्रेम कधी चुकली. मागाची फाइल ब्राउझरमध्ये उघडते, पण ती लॅपटॉपवरच वाचली जाते, कुठे पाठवली जात नाही. संघाच्या माहितीबाबत आम्ही लेखी हमी दिलेली असल्याने हे महत्त्वाचे होते. त्या मागावर एसक्यूएलमध्ये प्रश्नही विचारता येतात. शिकायला वेळ लागतो, आणि पहिल्यांदा उघडल्यावर रंगीत पट्ट्यांचा गालिचा पाहून माणूस खिडकी बंद करतो, हेही खरे. पण त्यातच एक अनपेक्षित गोष्ट सापडली: चालू वजनाची प्रत्येक नोंद कन्सोलवर छापणारी एक ओळ रिलीज बिल्डमध्ये तशीच राहिली होती आणि जावास्क्रिप्टचा धागा तिच्यावर वेळ घालवत होता. ती आमचीच ओळ होती, २०२० सालची.

एकच पोर्ट आणि दोन केबली

काटा केबलने फोनला जोडतात. फोनला पोर्ट एकच. त्यात काट्याची ओटीजी केबल लावली की डीबगिंगची केबल लावायला जागा राहत नाही, आणि दोष तर काट्याची केबल लावण्याच्या क्षणीच घडतो. पुण्याच्या कार्यालयात हे लक्षात यायला आम्हाला लाज वाटावी इतका वेळ लागला. अँड्रॉइड ११ पासून सहा अंकी कोड देऊन एडीबी वायफायवर जोडता येते, त्यामुळे मार्ग निघाला; त्याच जोडणीवर एससीआरसीपीवाय हे फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवणारे मुक्तस्रोत साधनही चालते (नाव असे असले तरी उच्चार ‘स्क्रीन कॉपी’ असा करतात). मग एका केंद्रावर जाऊन, काटा, कॅन आणि रांग यांच्या बाजूला स्टुलावर लॅपटॉप ठेवून बसलो.

केबल लावली, अ‍ॅप बंद पडले, आणि डेव्हटूल्सने एवढेच सांगितले की जोडणी तुटली. फ्लटरच्या नमुन्यातही हुबेहूब तसेच. दोन्ही चौकटींची साधने आपापल्या भाषेचे घर सांभाळतात. घराखालची जमीन खचली की तीही घराबरोबर जातात. लॉगकॅटच्या क्रॅश-नोंदीत मात्र सगळे लिहिलेले होते. केबल जोडल्याची सूचना मिळताच आमचा कोटलिनमधील कोड यूएसबी वापरण्याची परवानगी मागतो, आणि उत्तर परत यावे म्हणून प्रणालीकडे एक पेंडिंग इंटेंट सोपवतो. अँड्रॉइड १२ च्या पातळीला लक्ष्य करणाऱ्या अ‍ॅपला हा इंटेंट बदलता येण्याजोगा आहे की नाही हे सांगावेच लागते. आम्ही ‘बदलता येण्याजोगा’ असे सांगितले होते. अँड्रॉइड १४ ची पातळी लक्ष्य केल्यावर नियम आणखी कडक होतो: बदलता येण्याजोगा इंटेंट कोणासाठी आहे हे उघड सांगितलेले नसेल तर अपवाद फेकला जातो आणि अ‍ॅप मरते. हा नियम अँड्रॉइड १४ आणि पुढच्या फोनवरच लागू होतो. म्हणूनच जुने फोन असलेल्या केंद्रांवर सगळे सुरळीत होते आणि ज्यांनी नुकताच नवा फोन घेतला त्यांनाच त्रास होता. ‘नवीन फोन घेतला ते चुकलं का?’ असे एका सचिवांनी विचारलेही होते.

घाईत केलेली पहिली दुरुस्ती चुकीची निघाली. इंटेंट ‘न बदलणारा’ केला, क्रॅश थांबला, आणि काटा तरीही चालेना: सचिव परवानगी देत, अ‍ॅपला मात्र ‘नाकारली’ असेच कळे. न बदलणाऱ्या इंटेंटमध्ये प्रणालीला आपले उत्तर लिहिताच येत नाही, त्यामुळे वाचताना ‘नाही’ हेच मूळ मूल्य हाती येते. क्रॅश निदान ओरडून सांगतो. हा दोष गप्प होता आणि लॉगकॅटमध्येही काही नव्हते. अँड्रॉइड स्टुडिओचा डीबगर वायफायवरून जोडून उत्तराच्या पाकिटात काय आहे ते उघडून पाहिले तेव्हा ते रिकामे दिसले. योग्य उपाय असा की इंटेंट बदलता येण्याजोगाच ठेवायचा, पण त्यावर आपल्याच अ‍ॅपचे पॅकेजनाव घालायचे. एका ओळीची भर.

दोनदा जमा झालेले दूध

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण दोष ओळखीचा आहे. अ‍ॅप नोंद पाठवते, सर्व्हर ती लिहितो, उत्तर वाटेत हरवते, अ‍ॅप मुदत संपली म्हणून पुन्हा पाठवते. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक कायम ओळखक्रमांक दिला आणि सर्व्हरने तो दुसऱ्यांदा आला तर जुनेच उत्तर द्यायचे, एवढा उपाय.

तो सिद्ध करायला मिटम-प्रॉक्सी लागले, कारण त्यात विनंती सर्व्हरपर्यंत जाऊ देऊन फक्त उत्तर वाटेत अडवता येते. चौकटीच्या साधनात नेटवर्कचे दालन असले तरी त्यात वाहतूक दिसते, अडवता येत नाही. रिअ‍ॅक्ट नेटिव्हसाठी डीबग बिल्डमध्ये आपल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला सांगावे लागले, कारण अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप वापरकर्त्याने घातलेली प्रमाणपत्रे आपोआप मानत नाहीत. फ्लटरच्या नमुन्यात प्रॉक्सीचा पडदा अर्धा दिवस कोराच राहिला. डार्टचा एचटीटीपी ग्राहक फोनवरील प्रॉक्सीची मांडणी पाहतच नाही, ती कोडमध्ये वेगळी द्यावी लागते. त्याच वेळी फ्लटरच्या डेव्हटूल्समध्ये तीच वाहतूक काहीही न करता दिसत होती. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे.

काय ठरले

अ‍ॅप रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्येच राहिले. चार दोषांपैकी कुऱ्हाड्यांचा दोष आमच्या माहितीचा होता, केबलचा कोटलिनच्या थरातला होता, दुहेरी नोंदींचा सर्व्हरशी झालेल्या कराराचा होता. भाषा बदलून यांतला एकही गेला नसता, आणि केबलचा तर तसाच्या तसा नव्या अ‍ॅपमध्ये उतरला असता. उरला यादीचा. तिथे फ्लटरची साधने सरस आहेत हे आम्ही लिहून दिले, पण दोष सापडला तो रिअ‍ॅक्टच्याही साधनाने पाच मिनिटांतच. टँकरच्या वाहतुकीसाठी संघाला हवे असलेले वेगळे, नकाशे आणि आलेख असलेले अ‍ॅप मात्र फ्लटरमध्ये सुरू केले आहे, आणि त्याचा कारभार धाकट्या सहकाऱ्याकडे दिला आहे. फ्लिपरच्या अनुभवानंतर एक नियमही घातला: चौकटीच्या साधनासाठी प्लगइन लिहायचे नाही. बाकी नोंदींची रांग आता अ‍ॅपमध्येच एका लपवलेल्या पडद्यावर दिसते, आणि सचिवाला फोनवरून ‘वरच्या नावावर पाच वेळा टिचकी मारा’ एवढे सांगितले की तो आकडा वाचून दाखवतो.

आयफोनच्या बाजूने या तुलनेत फारसे हाती लागले नाही. काट्याची केबल तिथे नाही, अध्यक्ष फक्त अहवाल पाहतात. फ्लटरच्या नमुन्याचा डीबग बिल्ड आम्ही त्यांच्या फोनवर घालून केबल काढली आणि बैठकीत ते दाखवायला गेले तर अ‍ॅप उघडेना. आयओएस १४ पासून असा बिल्ड लॅपटॉपला जोडल्याशिवाय मुख्य पडद्यावरून सुरू होत नाही. प्रोफाइल बिल्ड घालायला हवा होता.

एक दोष अजून उघडा आहे. थर्मल प्रिंटरला देवनागरी येत नाही म्हणून पावतीची ओळ चित्र करून पाठवतो आणि लांब नावे ठरावीक अक्षरांवर कापतो. अक्षर म्हणजे काय, हे युनिकोडने सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसाठी बदलले: पूर्वीच्या नियमाने ‘कुऱ्हाडे’ चार अक्षरांचे होते, नव्या नियमाने ‘ऱ्हा’ एकच धरला जाऊन तीन अक्षरांचे. हर्मिसमध्ये अक्षरे मोजण्याची अंगची सोय नसल्याने फोनवर आम्ही एक जुने पॅकेज वापरतो आणि ते चार मोजते. संघाच्या कार्यालयातील बिल छापणारा सर्व्हर तीन मोजतो. त्यामुळे लांब नाव असलेल्या सभासदाचे नाव पावतीवर एका ठिकाणी कापले जाते आणि बिलावर दुसऱ्या ठिकाणी. पॅकेज बदलायचे काम पुढच्या आवृत्तीच्या यादीत आहे, आणि चाचणीसाठीच्या नावांत कुऱ्हाडे तिन्ही प्रकारे लिहिलेले आहेत.